निकालाआधीचं अभिनंदन

फलक आदल्या दिवशीच लागला, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

दंतवैद्यकीच्या परवान्याच्या परीक्षेचा निकाल अजून यायचा होता. आज येईल, उद्या येईल, असं मनिलाच्या बोर्डाचं आठवडाभर चाललं होतं. तरी लोमिबावांच्या फाटकावर, आंब्याच्या फांदीपासून विजेच्या खांबापर्यंत, भलंमोठं टार्पोलिन ताणून बांधलेलं होतं: ‘अभिनंदन! डॉ. विर्लूझ लोमिबाव, दंतवैद्य! आमच्या बारंगायचा अभिमान!’ एवढी घाई कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. फलक छापून दिला होता बारंगायचा कॅप्टन दोमेंग याने. या वस्तीचा कारभारी तोच, आणि निवडणूक तोंडावर आलेली. एकदा आचारसंहिता लागली की त्याचा चेहरा कुणाच्याही अभिनंदनावर लावता येणार नव्हता. आधीच लागलेला चेहरा उतरवायला मात्र कोण येतंय? तेव्हा चेहरा वेळेत लागणं महत्त्वाचं होतं. निकाल मागून आला तरी चालण्यासारखा होता.

निम्मा फलक कॅप्टनच्या हसण्यानेच व्यापलेला. त्याच्या खांद्याशी आर्सिंग, विर्लूझच्या आत्याचा नवरा, जो यंदा कॅप्टनच्या पॅनेलमधून बारंगायच्या सदस्यपदाला उभा होता. आणि जिचं अभिनंदन, ती बिचारी खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. फोटोही कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. त्यात तिला शिंक येण्याच्या बेतात होती.

हिल्यो अंगणात, सळईवर भाजत असलेल्या डुकराशेजारी उभा होता आणि फलकाकडे बघत होता. बाप म्हणून त्याने कोपऱ्यातल्या पोरीकडे बघायला हवं होतं. पण नजर घसरून पुन्हापुन्हा कॅप्टनच्या वरच्या चार दातांवर जाई. रंग जरा जास्तच पांढरा झालाय, एक छटा कमी हवी होती, असं त्याला वाटत होतं. कारण ते चार दात हिल्योने बनवले होते. घराच्या मागच्या खोलीत, त्याच्या बापाच्या जुन्या मशीनवर. आणि हिल्योकडे, त्याच्या बापासारखाच, दातांना हात लावायचा कुठलाही परवाना नव्हता.

ही गोष्ट सगळ्या बारंगायला माहीत होती आणि आजवर कुणीही तोंडातून काढली नव्हती. लोमिबावांच्या घरात तर मुळीच नाही. तरुणपणी हिल्यो बोर्डाला बसला होता, एकदा सोडून तीनदा. तेव्हा निकाल वर्तमानपत्रात छापून यायचे. घरात अजून सांगतात की त्या वर्षी यादी अपुरी छापली होती. पुढच्याही वर्षी. त्याच्याही पुढच्या. ‘आमच्या हिल्योला कागद आला नाही,’ असं म्हणायची या घराची पद्धत. टपालखात्याचाच दोष असावा असं वाटावं.

म्हणून विर्लूझ. बापाचं नाव विर्हिल्यो, आईचं लूझ, दोघांच्या नावाचे तुकडे जोडून पोरीचं नाव केलं आणि दोघांचे राहिलेले मनसुबे जोडून तिला दंतवैद्यकीला घातलं. पोरगी हुशार निघाली. तीच पंचाईत झाली होती. परीक्षा देऊन घरी आल्यावर गेल्या आठवड्यात जेवताना तिने माशाचे काटे काढत शांतपणे सांगितलं होतं:

“ताताय, मी पास झाले आणि पाटी या घरावर लागायची असेल, तर मागची खोली बंद. त्याच दिवशी. माझ्या नावाखाली बिनपरवान्याचं काम सापडलं तर माझाच परवाना जाईल. आणि खोली बंद होणार नसेल, तर मी बागियोला मैत्रिणीच्या दवाखान्यात जाते. मला राग नाही. पण मला खोटं बोलता येणार नाही.”

हिल्योने ‘बघू’ म्हटलं होतं आणि भात वाढून घेतला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतंच बोलत होते. मागच्या खोलीच्या कपाटात अर्धवट कवळ्या पडल्या होत्या, मेणात बसवलेले दात, गुलाबी हिरड्या. पोरीच्या परीक्षेच्या पेन्सिलींना आशीर्वाद घ्यायला तो मनाओआगच्या माउलीच्या चर्चमध्ये गेला होता, तेव्हा माउलीपुढे गुडघे टेकून त्याने मागितलं होतं, तिला पास कर. आणि उठता उठता हळूच म्हणाला होता, पण फार घाई करू नकोस. आता माउलीने नेमकं काय ऐकलं असेल, हे त्याला कळत नव्हतं.

“हिल्यो! डुक्कर फिरव, नुसता उभा काय राहतोस!” फाटकातून बहिणीचा आवाज आला.

फ्लोर, त्याची थोरली बहीण, आर्सिंगची बायको, तीनचाकीतून उतरत होती. बरोबर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबरुंद होतं. ते तिने अंगणातल्या टेबलावर, शेवयांच्या परातीशेजारी ठेवलं आणि चादर ओढली. नवीकोरी पाटी होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं, बाजूला हसणारी दाढ.

‘डॉ. विर्लूझ लोमिबाव आणि परिवार. दातांचा दवाखाना.’

विर्लूझ टेबलापाशी लसूण सोलत बसली होती. तिने पाटी वाचली, लसणाची पाकळी बाजूला ठेवली आणि पुन्हा वाचली.

“तीता फ्लोर, हा ‘परिवार’ कशाला?” तिने आत्याला विचारलं.

“कशाला म्हणजे? तू एकटी किती तोंडं बघणार? कवळ्या तुझा बाप करील. तारा मी बसवीन. आर्सिंग बसेल नावं लिहायला, निवडून नाही आला तर.”

“मी येणारच आहे,” आर्सिंग खुर्चीवरून म्हणाला. तो सकाळपासून पांढराशुभ्र बारोंग सदरा घालून बसला होता आणि घामाने भिजला होता.

“तीता, दातांना तारा बसवणं म्हणजे केसाला पिना लावणं नव्हे.”

“अगं, बाजारात इतकी वर्षं बसवतेय मी. लाल, हिरव्या, पोरींना आवडतील त्या. एक तक्रार नाही.”

“मासळीवालीच्या पोरीचा दात हातात आला ना?”

“तो आधीच हलत होता!”

“तुम्ही हलवलात म्हणून हलत होता.”

फ्लोरने हिल्योकडे पाहिलं. हिल्योने डुकराकडे पाहिलं. मग ती आपल्या नेहमीच्या हत्यारावर आली. “आता बोलतेस बाई. माझ्या दोन दाढा तुझ्या कॉलेजात गेल्या, तेव्हा तीता बरी होती! कोण येत होतं गं तुझ्या खुर्चीत बसायला? रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा आलं नसतं.”

यात खोटं काही नव्हतं. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना पेशंट आपले आपण आणावे लागतात. इतके दात काढले, इतके भरले, हे दाखवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तेव्हा लोमिबावांचं सगळं गणगोत एकेक करून बसमधून मनिलाला गेलं होतं आणि आपापलं योगदान देऊन, गालात कापूस धरून परत आलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येकाला या पदवीत आपला हिस्सा आहे असं वाटत होतं.

“माझा तर धडधाकट दात कोरला,” आर्सिंगने आपलंही सांगून घेतलं.

“कीड होती, तीतो.”

“मला नव्हती दिसत.”

“तुम्हाला कशी दिसेल? तुमच्या तोंडात होती.”

“मी शेवटचं मूळ दिलं,” कोपऱ्यातून लोला सियोन म्हणाली. हिल्योची आई ती, पण सगळं घर, पोटचा पोरगा धरून, तिला लोला, म्हणजे आजी, असंच म्हणायचं. तिच्या तोंडात नवऱ्याच्या हातची कवळी होती आणि बोलताना ती शब्दाशब्दाला टाळी द्यायची. “माझ्याकडे आता द्यायला काही उरलं नाही. तेव्हा मला कुणी काही विचारू नका. डुक्कर कधी होणार, तेवढं सांगा.”

लूझ, हिल्योची बायको, स्वयंपाकघरातून भाताचं भांडं घेऊन आली. पाटी बघून तिचा चेहरा उजळला. तीही मनातून फ्लोरच्याच बाजूची होती, फक्त तारांशी तिला घेणं नव्हतं. पोरगी घरात राहावी, एवढंच तिला हवं होतं.

“किती छान केलीस गं पाटी! बघ विर, दाढ कशी हसतेय. बागियोला काय ठेवलंय? तिथे थंडी. तुला लगेच सर्दी होते.”

“नानाय, सर्दी परवडली. परवाना गेला तर पुन्हा मिळत नाही.”

“जाईल कशाला? घरचीच माणसं आहेत.”

“घरचीच माणसं आहेत म्हणूनच जाईल! उद्या एखाद्या म्हातारीची कवळी लागली, हिरडी सडली, ती तक्रार करील ती कुणाच्या नावाने? पाटीवर कुणाचं नाव आहे? तीता फ्लोरचं? मला बोलावतील मनिलाला. कदाचित पोलीस येतील. मग सगळे म्हणतील, डॉक्टरीणबाईंची सही होती.”

लूझने भांडं खाली ठेवलं. पोलीस हा शब्द या घरात फार जपून वापरला जायचा. सासऱ्याच्या वेळी एकदा ते आले होते, आणि त्यांच्या साहेबाला खालची कवळी फुकट करून दिल्यावर गेले होते.

“म्हणजे तिचं नाव जाईल?” लूझ नवऱ्याकडे वळली. “हिल्यो? हे तू मला सांगितलं नव्हतंस.”

“तिने सगळ्यांसमोरच सांगितलं होतं जेवताना.”

“मी तेव्हा मासे तळत होते! फ्लोर, ती पाटी झाक बघू. वाऱ्याने पडेल.”

“वारा कुठे आहे?” फ्लोर भडकली. “बघा, फिरली! घटकाभरापूर्वी दाढ हसत होती, आता वाऱ्याने पडते. आणि तू रे हिल्यो? इतकी वर्षं त्या खोलीने तुम्हाला जेवू घातलं. पोरीची फी कुठून गेली? बोल की काहीतरी. की तुझ्या तोंडातही कापूस आहे?”

हिल्यो सळई फिरवू लागला. त्याला बहीण म्हणते ते पटत होतं आणि पोरगी म्हणते तेही पटत होतं. मागची खोली बंद करायची म्हणजे सकाळी उठून करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं. त्या खोलीबाहेर तो कुणीच नव्हता. खोलीत निदान लोक त्याला ‘दोक’, डॉक्टर, म्हणायचे, आणि तो त्यांची चूक दुरुस्त करायचा नाही.

“आलं! आलं!” आर्सिंग खुर्चीवरून उठला. “यादी आली! बोर्डाच्या पानावर आली!”

अंगणात एकच गोंधळ उडाला. प्रत्येकाने फोन काढला. पान कुणाचंच उघडेना. सगळ्या देशातली पोरं, आयाबाया, आत्या आणि शेजारी त्याच पानावर तुटून पडले असणार. फ्लोरच्या फोनमधला बॅलन्सच संपला आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानाच्या नावाने खडे फोडू लागली. शेवटी आर्सिंगच्याच फोनवर पान उघडलं. मघाशी डुकराच्या पाठीचा एक तुकडा त्याने गुपचूप तोडून खाल्ला होता, त्या तेलकट अंगठ्याने तो स्क्रीन सरकवू लागला. आणि सभेची सवय लागलेली, म्हणून पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“आबाद, जेरोनिमो! अभिनंदन! आबेसामिस, क्रिस्टाबेल! अभिनंदन!”

“आर्सिंग,” लोला म्हणाली, “आपलं आडनाव कशावरून सुरू होतं, ते ठाऊक आहे ना तुला?”

“क्रमाने जाऊ द्या, लोला. पद्धतशीर.”

“खाली जा रे मेल्या!” फ्लोर नवऱ्यावर ओरडली.

विर्लूझ जागची हलली नव्हती. लसणाचं साल तिच्या बोटाला चिकटलं होतं आणि ती ते काढतही नव्हती. हिल्योने सळई सोडून दिली. डुक्कर एका कुशीवर करपू लागलं.

“लाग्मान... लाक्सामाना... लीम... लीम, दुसरा लीम... लोपेझ.” आर्सिंग थांबला. “लोपेझ, आल्मा. लुमाबी.” त्याचा आवाज एकदम साधा झाला. “लोपेझच्या आधी यायला हवं होतं. नाही का?”

शेजारच्या अंगणात कुणीतरी कराओकेवर गळा काढत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. विर्लूझचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला. लूझने तोंडावर हात घेतला.

आणि हिल्योला बरं वाटलं.

क्षणभरच. पण वाटलं खरं. छातीवरचं ओझं उतरावं तसं वाटलं. खोली राहिली, मशीन राहिलं, कपाटातल्या कवळ्या राहिल्या, पोरगी बागियोला जाणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बसेल, पुन्हा बघू. आणि लगेच त्याला पोरीचा चेहरा दिसला आणि आपल्या मनात काय येऊन गेलं ते कळलं. त्याची त्याला इतकी शरम वाटली की अंगावर काटा आला. आपल्याच पोरीच्या नापास होण्याने आपल्याला बरं वाटलं! याहून वाईट बाप कुठे असेल असं त्याला वाटेना.

“यादी अपुरी असेल,” फ्लोर सवयीने म्हणाली. “आमच्या वेळीसुद्धा...”

“आण तो फोन इकडे!” लूझने आर्सिंगच्या हातून फोन ओढून घेतला, पदरासारखा खांद्यावर टाकलेल्या पंच्याने खसाखसा पुसला आणि यादी मागे सरकवली. तिचे ओठ हलत होते. मग ती किंचाळली. अशी किंचाळली की शेजारचं गाणं मध्येच तुटलं.

“आहे! आहे! लोमिबाव, विर्लूझ! लीम आणि लोपेझच्या मध्ये! अरे तुझ्या अंगठ्याला आग लागो, आर्सिंग! एक आख्खी ओळ उडवलीस माझ्या पोरीची!”

मग काय विचारता. लोलाने टाळ्या वाजवल्या, तोंडाने आणि हातांनीही. फ्लोर भाचीला मिठी मारून रडली आणि रडता रडता पाटीवरची चादर पुन्हा ओढून काढली. आर्सिंगने सगळ्यांना सांगितलं की ती ओळ त्याने मुद्दाम उडवली, जरा मजा. लूझ नवऱ्याच्या गळ्यात पडली. हिल्यो हुंदके देऊन रडत होता. ‘बापाचं काळीज,’ असं बघणाऱ्या शेजारणी म्हणाल्या. तो का रडतोय हे फक्त त्यालाच माहीत होतं. पोरीने त्याच्याकडे पाहिलं. आशीर्वाद घ्यायला पुढे आली, त्याचा हात उचलून आपल्या कपाळाला टेकवला, आणि तो तसाच धरून ठेवला. खोलीचं काय, याचं उत्तर तिला हवं होतं.

तेवढ्यात कॅप्टन आला, गावच्या तोंडी काप दोमेंग.

आपल्या फलकाखालून आत येताना त्याने एकदा वर बघून घेतलं. मागे दोघं-तिघं कार्यकर्ते. संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर सभा होती, तिथे जाता जाता नव्या डॉक्टरीणबाईंबरोबर फोटो काढून घ्यायचा, असा बेत.

“मी म्हटलं होतं की नाही? म्हणूनच आधी फलक लावला! ज्याला खात्री असते तो वाट बघत नाही!” त्याने विर्लूझला एका बाजूला, आर्सिंगला दुसऱ्या बाजूला घेतलं. फोटो झाले. मग त्याची नजर डुकरावर गेली. भाजलेली, तांबूस, कुरकुरीत कातडी. फ्लोरने पाठीचा उत्तम तुकडा तोडून त्याच्या हातात दिला.

कापने तुकडा चावला. कडक आवाज झाला. कातडीचा असेल असं सगळ्यांना वाटलं. पण कापच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने तोंडावर हात नेला, पाठ फिरवली आणि तळहातावर काहीतरी काढलं. वळला तेव्हा वरच्या ओठाच्या मागे मोठं भगदाड होतं आणि ओठाच्या कडेला थोडं रक्त. हातात मोडकी पट्टी होती, चार दातांची, मधोमध तुटलेली.

“हिल्यो!” काप कुजबुजला, पण वारा दातांच्या जागेतून निसटत होता आणि ते सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. “हे बथवून दे. लगेच. थभा आहे माझी!”

त्याने ती पट्टी हिल्योच्या हातावर ठेवली.

हिल्योच्या बोटांनी ती आपोआप उलटीपालटी केली. तडा सरळ होता. गुलाबी पूड, जरासा द्राव, दाबून धरायचं, मशीनवर घासायचं. सभेच्या आत सहज झालं असतं. त्याची बोटं अधीर झाली होती. पाय मागच्या खोलीकडे वळलेसुद्धा होते.

“चल, चल,” फ्लोर पुढे झाली. तिला या प्रसंगात साक्षात देवाचा हात दिसत होता. “आता तर घरात डॉक्टर आहे! विर, तू नुसती खोलीच्या दारात उभी राहा. काम तुझा बाप करील. झालं कायदेशीर!”

“तीता, माझी अजून शपथसुद्धा झालेली नाही.”

“मग घे की शपथ! काप आहे ना समोर? तो गावभर शपथा देत फिरतो!”

“हो, हो, देतो की,” काप तोंडावर रुमाल धरून म्हणाला. “उजवा हात वर कर.”

“विर, ऐक,” आर्सिंगने आवाज खाली आणला. “कॅप्टनची सभा बुडाली तर पॅनेल बुडालं. पॅनेल बुडालं तर तुझा तीतो बुडाला. नंतर चर्चा करू तत्त्वांची.”

“कुणी हात वर करणार नाही!” लूझ भाताचा चमचा घेऊन मध्ये आली. “कालच्या पोरीला आजच तुरुंगात घालता की काय?”

सगळे एकदम बोलू लागले. विर्लूझ मात्र बापाकडे बघत होती. त्या नजरेत धमकी नव्हती. असती तर त्याला सोपं गेलं असतं. लहानपणी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ती तशीच बघायची, आता ताताय काय करणार आहे, ते बघायला.

“तुमचं तुम्ही ठरवा, ताताय,” ती म्हणाली.

हिल्योने तळहातावरच्या त्या चार दातांकडे पाहिलं. मघाचं ते बरं वाटणं अजून त्याच्या अंगावरून गेलं नव्हतं. पुन्हा तसं वाटून घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्याने पट्टी कापच्या हातात परत ठेवली आणि कापची बोटं त्यावर मिटवली.

“काप, माझ्याकडे परवाना नाही.”

जे सगळ्यांना आयुष्यभर माहीत होतं, ते ऐकून सगळ्यांना धक्का बसला होता.

“अरे हिल्यो, काय बोलतोस हे लोकांसमोर!” फ्लोर म्हणाली. “कागद यायचा राहिला...”

“कागद यायचा नव्हताच, मनांग,” हिल्यो थोरल्या बहिणीला म्हणाला. “मी नापास झालो. तिन्ही वेळा.” आता त्याला थांबता येत नव्हतं. “यादीबिदी सगळी बरोबर होती. मी नापास झालो. माझी पोरगी पास झाली. खोली आजपासून बंद.”

लोलाची कवळी खाली येत होती, ती तिने जिभेने वर ढकलली. “मला वाटतच होतं,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी आपलीच ओळ कशी छापायची राहील?”

“थभा!” काप हताश होऊन म्हणाला. “मी आता बोलू कथा?”

आणि तिथे आर्सिंगचं भाग्य उजळलं. त्याने बारोंगची कॉलर नीट केली. “काप, तुम्ही चिंताच करू नका. तुम्ही फक्त मंचावर बसा, तोंड मिटून, गंभीर. भाषण मी करतो. माझं तयारच आहे.” तयार होतंच ते, दोन महिन्यांपासून. फ्लोरला भावाचा राग करावा की नवऱ्याचा अभिमान, ते ठरेना. तिने पाटी चादरीत गुंडाळायला घेतली, मध्येच थांबून आर्सिंगच्या कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा गुंडाळू लागली.

“थांबा, काप,” विर्लूझ म्हणाली.

तिने खुर्ची ओढून झाडाखालून उजेडात आणली. घड्यापाशी जाऊन हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. “बसा इथे. दुरुस्त काही करणार नाही मी. पण रक्त येतंय. तुकडा हिरडीत राहिलाय का, तेवढं नुसतं बघते. राहिला असेल तर आत्ता शहरात जायचं, दवाखान्यात. सभा गेली खड्ड्यात. तोंड उघडा. मोठं. अजून मोठं.”

इतकी वर्षं सगळ्या बारंगायला तोंड बंद ठेवायला लावणारा काप दोमेंग निमूटपणे बसला आणि त्याने तोंड उघडलं. विर्लूझ वाकली. तिने मान इकडे केली, तिकडे केली, कपाळाला आठी घातली.

“काही दिसत नाहीये. कुणीतरी उजेड धरा रे.”

आर्सिंग कागदावरचं भाषण पाठ करत होता. फ्लोरच्या हातात पाटी होती. हिल्योने डोळे पुसले, खिशातून फोन काढला, त्याची बत्ती लावली आणि पोरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो उघड्या तोंडापाशी उभा होता आणि त्याला भीती वाटत नव्हती. वाईट मात्र खूप वाटत होतं. तो पोरीचे ते धुतलेले हात बघत राहिला.

“डावीकडे, ताताय,” ती मान न वळवता म्हणाली. “जरा खाली. हं, तिथेच. हलवू नका.”

“नाही हलवत, दोक,” हिल्यो म्हणाला.